जनुकाचं बारसं

पाळण्यात भाताची कुंडी होती आणि तिच्या लोंबीवर गुलाबी टोपडं घातलं होतं. ते बघून शुभदानं तोंड फिरवलं.

सगळी संस्था सभागृहात जमली होती. पेढे, उदबत्ती, रांगोळी, कशात कमी नाही. बारसं होतं एका जनुकाचं, आणि ते जनुक शुभदानं शोधलं होतं. भाताच्या फुलात परागांना पोसणारं एक अस्तर असतं. हे जनुक बिघडलं की ते अस्तर पोसायचं थांबतं, पराग रिकामे राहतात आणि लोंबीत दाणा भरत नाही. करंजाड्याहून रोज येऊन, सुट्ट्यांवर पाणी सोडून, एकेक फूल फोडून तिनं हे हुडकलं होतं. ज्यानं शोधलं त्यानं नाव ठेवायचं, एवढाच काय तो या कामातला मान. तिनं नाव ठेवलं होतं ‘पोचट’. आई सूप पाखडताना रिकाम्या दाण्याला हेच म्हणायची.

“पोचट? शी!” संचालक कमळाकर सर म्हणाले होते. “जगभर जाणार हे. काहीतरी भारदस्त हवं.”

त्यांच्या मागेपुढे करणाऱ्या रूपेशला तत्काळ सुचलं. “सर, तुमचंच नाव देऊ ना. कमळ आहे त्यात. फुलांच्या अभ्यासाला एकदम परफेक्ट!”

सर लाजले. आरशासमोर सराव केल्यासारखे छान लाजले. आणि ‘कमळाकर’ हे नाव त्याच आठवड्यात जगभर कळवूनही झालं.

“शुभदा, तू आत्या हो,” सर आता प्रेमानं म्हणाले. “कानात नाव तूच सांग. तुझा मान आहे तो.”

आई ती, आणि तिला आत्या केलं. वर मान म्हणून! शुभदा टोपड्याशी वाकली. “कमळाकर,” ती पुटपुटली. मुलींनी ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घातले. टाळ्या झाल्या. सरांनी पेढा खाल्ला, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी दुसरा पेढा उचलून तिच्या तोंडात कोंबला. तिनं तो गालात धरला, बाहेर जाऊन बेसिनमध्ये थुंकला आणि तीनदा चूळ भरली. तरी ती ओशट चव जाईना.

प्रमुख पाहुण्या होत्या उलव्याच्या संध्याताई. संस्थेला त्यांच्याकडून मोठी देणगी मिळायची होती. “मला ते कमळाकर बघायचेत,” त्या हौसेनं म्हणाल्या. “खरेखुरे, झाडावरचे.”

“या ना, मॅडम!” म्हणत सर पुढे झाले. हरितगृहात त्यांनी कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. तिथला उकाडा त्यांना सोसत नसे.

आत कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. डावीकडच्या लोंब्या भारानं पार वाकलेल्या. उजवीकडच्या ताठ. पाट्या फक्त उजवीकडच्या कुंड्यांना होत्या, आणि प्रत्येक पाटीवर ठळक अक्षरांत एकच नाव: कमळाकर.

“अय्या, काय रुबाबात उभेत!” संध्याताई म्हणाल्या. “आणि डावीकडच्यांना पाट्या का नाहीत?”

“ती धडधाकट झाडं, मॅडम,” शुभदा म्हणाली. “ज्या झाडात जनुक बिघडलेलं असतं, त्याला ते नाव लावतात. सगळीकडे हीच पद्धत आहे.”

“मग ह्या कमळाकरांत बिघडलंय काय?”

शुभदानं उजवीकडच्या लोंबीतला एक दाणा तोडून त्यांच्या तळव्यावर ठेवला. “बाहेरून काही कळत नाही. वेळेवर फुलतो, ताठ उभा राहतो. दाबून बघा.”

संध्याताईंनी चिमटीत दाबला. नुसतं टरफल. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि हसू आवरायला पदर तोंडाला लावला. डोक्यावरून एक विमान गेलं. रूपेश छत न्याहाळत राहिला.

सर घामानं निथळत होते. “ह्या पाट्या कोणी लावल्या?”

“मी, सर. बारशाआधी सगळीकडे नाव लागलं पाहिजे, तुम्हीच म्हणालात.”

तेवढ्यात फोटोवाला धापा टाकत आला. “सर, त्या राइट साइडच्या झाडांमधी उभे ऱ्हा ना, पाटी पन दिसंल. हां, मस्त! आता मान जरा खाली. अजून जरा.”

सरांची मान काही खाली येईना.