रेतीची सहा पोती

आमच्या गडचिरोलीच्या पोलीस मैदानावर गाडी शिकवताना मागे जवान बसवत नाहीत. त्यांच्या वजनाची रेतीची सहा पोती पट्ट्याने बांधून बसवतात. उस्ताद गुलाम रसूल शिट्टी वाजवतात, आम्ही करकचून ब्रेक दाबतो, आणि पोती पुढे वाकतात.

तिसऱ्या फेरीत मी आरशात पाहिलं. पोती वाकली. शिट्टी त्यानंतर वाजली.

"उस्ताद, पोते आधीच वाकून राह्यले."

"रेतीच हाय ते, नूतन. समोर लक्ष दे."

चौथ्या फेरीतही तेच. या वेळी उस्तादांनी मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"तुझ्याजवळ ठेव. आता बस झालं. गाडी शेडकडे घे."

मी शिट्टी खिशात टाकून बटण लावलं. भर दुपार होती. रस्ता मोकळा होता आणि पुढे नाल्यावरचा लहानसा पूल, रोजचाच.

आरशात सहाही पोती एकदम वाकली.

माझा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. उस्तादांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मग शिट्टी वाजली, मागच्या सीटवरून.