सहावा नंबर

"माझा बार शेवटी," ऑर्व्हिल म्हणाला. एरवी नेमबाजीच्या या स्पर्धेत तो बंदुकीचा पहिलाच बार उडवून खुशाल तंबाखू चघळत बसायचा. आज मात्र म्हातारा इतर अकरा जणांच्या फळ्या डोळ्यांजवळ धरून बघत होता.

आमच्या केंटकीच्या डोंगरात बक्षिसं पणजोबांच्या काळापासून ठरलेली. पहिल्या चौघांना बैलाच्या मांसाचा एकेक वाटा, पाचव्याला कातडं, सहाव्याला फळ्यांमागच्या ओंडक्यात रुतलेलं शिसं. ते वितळवून पुन्हा गोळ्या ओतायच्या. हल्ली एवढी उठाठेव कोण करतो? गेल्या वर्षीचं शिसं ओंडक्यात तसंच राहिलं होतं आणि आज संध्याकाळी तो ओंडका भट्टीत जाणार होता.

गेल्या वर्षी लुएलाही होती. ऑर्व्हिलची बायको. आजाराने तिचे हात थरथरत होते. गोळी फळीला लागलीच नाही. सगळे हसले, सगळ्यात जास्त तीच. नाताळाच्या आधी ती गेली.

ऑर्व्हिलने आपल्या काळ्या फळीवर चाकूने काहीतरी खरवडलं आणि ती जागेवर ठेवली. साठ पावलं मागे आला. बंदुकीच्या नळीत दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासली, बराच वेळ नेम धरला. बार उडाला.

स्पर्धेचा पंच असलेल्या डेलबर्टने मधल्या खुणेपासून दोरी धरून माप घेतलं. "सहावा."

बारा वर्षांत ऑर्व्हिलचा पहिला नंबर कधी हुकला नव्हता.

"काका, चष्मा तरी घ्या," व्हर्नन म्हणाला, "नाहीतर ती बंदूक मला द्या." मग सगळेच हसले. ऑर्व्हिल कुऱ्हाड घेऊन ओंडक्याकडे गेला.

फळ्या गोळा करताना डेलबर्ट थबकला. मापाच्या गडबडीत त्याचं लक्ष गेलं नव्हतं. ऑर्व्हिलच्या फळीवर चाकूने कोरलेली बारीक फुली होती, मधल्या खुणेपासून पाचव्याच्या गोळीहून किंचित लांब आणि त्याच्या मागच्या नेमबाजाच्या गोळीहून किंचित जवळ, जेमतेम अर्ध्या बोटाच्या फरकात. गोळीचं भोक तिच्या बरोबर मध्यावर होतं.

तो ओंडक्यापाशी गेला. मधल्या शिशाला ऑर्व्हिलने हात लावला नव्हता. तो वरचा कोपरा उकरत होता, तिथे एकच गोळी होती. चपटी झालेली ती गोळी त्याने तळहातावर घेतली, शर्टाला पुसली. त्याला रडू आवरत नव्हतं.

"अरे, नुसतं मागितलं असतंस तर दिलं नसतं का?" डेलबर्ट म्हणाला.

"दिलं असतंस." ऑर्व्हिलने मूठ मिटली. "पण तिची शेवटची गोळी आहे, डेलबर्ट. जिंकूनच घरी न्यायला हवी होती."