पियानो न्यायचा कसा

"बैलगाडीत नगं," हैबतराव पाटील म्हणाले. "दगडावर चाक आदळलं की आतल्या तारा तुटत्याल."

विल्सनने कपाळावरचा घाम पुसला. आत्याला आणि तिच्या पियानोला न्यायला तो सकाळीच पुण्याहून आला होता. ट्रक ओढ्यापलीकडे उभा होता, कारण ओढ्यावरचा फरशी पूल गेल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. बंगल्यापासून तिथवर मैलभराचा उतार, मधे गाव.

सत्तावन्न सालचा मे महिना होता. मुळशीच्या तलावाकाठी, टेकाडावरच्या या एकाकी बंगल्यात त्याची आत्या, मार्थाबाई रणभिसे, मुलींची शाळा चालवत. आता बंगला विकला गेला होता आणि महिनाअखेर रिकामा करायचा होता. शाळा बंदच होणार, हे विल्सनने धरूनच ठेवले होते.

"पियानो धड पोचणार असेल तर मी येईन," मार्थाबाईंनी विल्सनला पत्रात कबूल केले होते. "माझ्या वडिलांचा आहे तो. मोडून न्यायचा नाही." मार्थाबाई दिलेला शब्द कधी मोडत नसत.

विल्सनला पियानोपेक्षा आत्याची काळजी होती. गेल्या श्रावणात ती तापाने फणफणली होती. गावाने तिला डोलीत घालून पौडच्या दवाखान्यात पोचवले, म्हणून निभावले. या टेकाडावर तिने एकटीने आणखी एक पावसाळा काढावा, हे त्याला नको होते.

"मग डोलीनंच नेऊ या की," तो म्हणाला. "आत्याला नेलं होतं तसं."

"बाई भाताच्या पेंढीवानी गेल्या," चंद्राबाई म्हणाली. तिच्या दोन मुली शाळेत होत्या. "बाई कुटं, आन हे धूड कुटं."

"आन डोलीचा बांबू मोडलाय," दारात उभा असलेला येसाजी म्हणाला. "उचलणारं गडीबी नांद्याला लग्नाला गेल्यात."

"कधी येतील?"

"लग्न हाय. जेवल्याबिगर कोन उठतंय?"

चंद्राबाईने पदराखालून तांदळाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "आंबेमोहोर हाय. वाटंला लावायला."

विल्सनने पुरचुंडीकडे पाहिले. इतकी वर्षे आत्याने यांच्या मुली शिकवल्या, त्याचे हे ओंजळभर तांदूळ.

"होडीतून?" त्याने विचारले.

"पानी पार तळाला गेलंय," पाटील म्हणाले. "गाळात होडी रुतंल. मंग पियानो मासं वाजिवत्याल."

कोपऱ्यात गेणबा सुतार उभा होता. त्याच्या मुंडाशावर मातीची धूळ होती. सकाळी विल्सन गावातून येताना तो धर्मशाळेच्या दाराशेजारची भिंत फोडत होता. कशाला, असे विल्सनने सहज विचारले, तर म्हणाला, पाटलाची कणगी आत जायची हाय.

गेणबाने कनवटीची सुतळी काढली आणि पियानोच्या जाडीला लावली. पियानोची कड संपली, तिच्या बोटभर पुढे सुतळीची गाठ आली. त्याने मान हलवली.

"दारातनं निगंल. पर फुडं पायऱ्या हायेत. घसारला तर खाली मानूस गावायचा न्हाई."

"सुटा करून नेला तर?"

"माझे हात सुटे करून नेशील का, विल्सन?" मार्थाबाई म्हणाल्या. त्या दिवसभरात एवढेच बोलल्या होत्या. बाकीचा वेळ खिडकीशी बसून मोजा विणत होत्या.

ओढ्यापलीकडून ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हरला उजेड असताना पुणे गाठायचे होते. विल्सन पियानोजवळ गेला, त्याने झाकणावरून हात फिरवला. लहानपणी याच पियानोखाली तो लपायचा.

"पाऊस तोंडावर आलाय, आता दिवाळीनंतरच न्यावा लागेल," तो हळूच म्हणाला. "ओढा उतरला की पुण्याची माणसं घेऊन येतो. पण तोवर तू राहणार कुठे?"

"बाईंना उगड्यावर न्हाई ठेवत आमी," पाटील म्हणाले.

"पावसात एकटी पडशील, आत्या."

"एकटी नाही पडणार." मार्थाबाईंनी विणलेले मोजे त्याच्या हातात दिले. मोजे लहान मुलाचे होते. "तुझ्या बाळाला. आणि हे तांदूळही ने. मऊ भात करून घाला त्याला."

विल्सन वाकून आत्याच्या पाया पडला आणि उतार उतरू लागला. दोनदा त्याने मागे वळून पाहिले. दोन्ही वेळा मार्थाबाईंनी हात हलवला.

येसाजी टेकाडाच्या कडेवर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडे ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

"वळनाआड गेला," येसाजी म्हणाला.

चंद्राबाईने बंगल्यामागे तोंड करून हाक मारली. गवताच्या गंजीआडून आठ गडी उठले. एकाच्या केसात गवत अडकले होते, एक अजून जांभई देत होता. त्यांच्या खांद्यावर नव्या बांबूंची डोली होती.

त्यांनी पियानो डोलीत बसवला. चंद्राबाईने त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. आजारी माणूस नेताना त्या गावात असाच तांब्या ठेवत. पाणी सांडले, तर उचलणाऱ्यांची दिवाळीपर्यंत थट्टा होई.

मार्थाबाई डोलीमागून चालू लागल्या. पायऱ्या गेल्या, उतार गेला. पाणी सांडले नाही.

धर्मशाळा चंद्राबाईच्या घरासमोर होती, तिच्या हाकेच्या अंतरावर. आत जमीन सारवून मुलींचे पाट ओळीने मांडले होते. नव्या रुंद दाराशी गडी थांबले. गेणबाने चौकटीवरून हात फिरवला.

"बाई, जाईल न्हवं?"

"जाईल," मार्थाबाई म्हणाल्या. "सुतळीला गाठ मारताना मी बोटभर जास्तच धरलं होतं."