ज्याचं त्याचं पाणी

"फोटो काढा, ओरिन, लवकर! आणि बोट आड येऊ देऊ नका."

गॅरेट कमरेपर्यंत बोगाचील नदीत उभा होता. जाळीत स्टीलहेड मासा होता, चांगला हातभर लांब. काठावर घडीच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या सासऱ्याने फोन उचलला आणि बोट नेमकं आड आणून फोटो काढला.

नदीतच जन्मलेला स्टीलहेड पाण्याबाहेर काढायचा नाही, असा इथला कायदा. गॅरेटचा तर तो धर्मच होता. त्याने माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं, त्याची क्षमा मागितली, आभार मानले आणि मग त्याला सोडलं. चर्चमध्ये तो इतका नम्र कधी दिसला नव्हता.

"कुठला कुठला समुद्र पालथा घालून येतो बिचारा," काठावर येत तो म्हणाला, "आणि बरोब्बर जिथे जन्मला त्याच पाण्यात परत. त्याला तिथून हलवणारे आपण कोण?"

"खरंय," ओरिन म्हणाला. "आपण कोण!"

उद्या सकाळी ओरिनला हलवायचं होतं. पानगळीच्या दिवसांत तो मागच्या पायऱ्यांवरून घसरला, तेव्हापासून मुलीच्या, कॉलीनच्या, जिवाला घोर लागला होता. नदीकाठच्या घरात म्हातारा एकटा! मग तिने आणि गॅरेटने टकोमाला एक वृद्धाश्रम शोधला. ऊबदार खोली, वेळेवर जेवण, हाकेसरशी नर्स. बैठकीत माशांची मोठी काचेची टाकीसुद्धा होती. "तुम्हाला मासे आवडतात ना, बाबा!" कॉलीन कौतुकाने म्हणाली होती. ओरिनला मासे आवडत होते, पण तव्यावर. पायऱ्यांना कठडा लावा, एवढंच तो म्हणत होता. त्याने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, जेवणावर रुसून पाहिलं. सगळे त्याच्याशी फार गोड बोलले आणि खोकी आणायला गेले. आजही कॉलीन घरी खोकी बांधत होती, आणि जावई सासऱ्याला नदीवर घेऊन आला होता. ही शेवटची फेरी, असं तेवढं कुणी म्हणत नव्हतं.

ओरिनने जन्मभर झाडं तोडली आणि मासे खाल्ले. गॅरेटच्या मासेमारी मंडळात त्याला खाटीक म्हणत, अर्थात प्रेमाने. मंडळातली माणसं माशाच्या जबड्यात गळ रुतवत, दमून लोळागोळा होईतो त्याला खेळवत आणि मग त्याच्यावर दया करत. एवढी भूतदया ओरिनला कधी झेपली नव्हती.

दुपारी गळाची दोरी पुन्हा ताणली. या माशाच्या पाठीवर, शेपटीजवळचा छोटा पर नव्हता. म्हणजे हॅचरीचा, मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला मासा. पिल्लं नदीत सोडण्याआधी हॅचरीवाले तो पर कापून टाकतात. असला मासा घरी न्यायला परवानगी असते. गॅरेट एरवी तोही सोडून देई, पण आज त्याने खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम उदार वाटायला लागलं.

"हा तुम्हाला, ओरिन. रात्री कॉलीन तळून देईल."

ओरिनच्या तोंडाला पाणी सुटलं. लोणी, कांदा आणि त्याच्या बायकोचा, सिग्नेचा, बिडाचा तवा. सिग्ने गेली तरी तव्याला अजून तिच्या हाताची चव होती. पण तो उठला नाही.

"जाळी पाण्यातच धर जरा. मला सांग, तो मघाचा मासा बाहेर काढला असता, तर काय झालं असतं?"

हे कुणी विचारलं की गॅरेटला राहवत नसे. "फोटोत छान दिसला असता. सोडल्यावर पोहतही गेला असता. आपण म्हणणार, बघा, कसा मजेत आहे! आणि दोन दिवसांनी खालच्या वळणावर पोट वर करून तरंगणार."

"आणि टाकीत ठेवला तर? स्वच्छ पाणी, वेळेवर खाणं, बघायला माणूस."

"स्टीलहेड? टाकीत?" गॅरेट खो खो हसला. "काचेवर नाक आपटून आपटून मरेल हो! त्याला तुमचं खाणं नको, निगा नको. त्याला त्याची नदी हवी. चार दिवस कमी जगेल, पण आपल्या पाण्यात जगेल. एवढी साधी गोष्ट लोकांना कळत कशी नाही!"

"नाही कळत," ओरिन म्हणाला. त्याचा आवाज कापरा झाला. त्याला खूप भीती वाटत होती, आणि ती आता लपवायचा कंटाळा आला होता. "तू फार छान सांगतोस, पोरा. संध्याकाळी हेच कॉलीनला सांग. अगदी असंच."

गॅरेटचं हसू तोंडावरच राहिलं.

"मग हा?" त्याने जाळीकडे मान वळवली. "हाही सोडायचा का?"

"वेडा की काय! तो सिमेंटच्या टाकीत वाढलाय. त्याचं मला काही सांगू नकोस." ओरिनने खुर्चीखालचा सोटा काढला, वाकला आणि एका फटक्यात काम उरकलं.

परतताना पुलापाशी फोनला रेंज आली तशी गॅरेटने गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन लावला.

"कॉलीन, तो बिडाचा तवा कुठल्या खोक्यात गेलाय?" त्याने ऐकून घेतलं. शेजारी बसलेल्या सासऱ्याकडे मात्र बघितलं नाही. "आठवत नसेल तर सगळी खोकी उघड. नाही, परत बांधायची नाहीत. आपण त्या पायऱ्यांना कठडा लावू."