अण्णाजींची साक्ष

“उचला मावशी, अजून वर,” डॉक्टर म्हणाले.

देवकाबाईचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि थरथरत अडला. “नाई होत जी.”

“होत नाही की करत नाही?” भरपाई समितीतले दुसरे साहेब हसले. “भरपाईचं नाव निघालं की सगळ्यांचेच खांदे दुखतात.”

करोनाच्या लसीची सुई खांद्याच्या पार टोकाशी टोचली गेली, तेव्हापासून हात आखडला होता. भाकरी थापणं सुटलं, वेणी घालणं सुटलं, पऱ्हाटीवरचा कापूस वेचणं सुटलं. डोक्यावरचा पदरसुद्धा रोज सकाळी सून सपना पिन लावून अडकवून देई. समुद्रपूरहून वर्ध्याला किती खेपा झाल्या, त्याचा हिशेब तिने कधीच सोडला होता. आज शेवटची सुनावणी. भरपाई मिळाली तर ऑपरेशन, नाहीतर हात जन्माचा गेला.

खांदा तपासायला डॉक्टरांनी पिन काढायला लावली होती. उघड्या डोक्यानं, डाव्या हातानं छातीवरचा पदर गच्च धरून ती खुर्चीत बसली होती.

“घरातलं वडीलधारं माणूस साक्षीला आणा म्हटलं होतं. आणलं?” दुसऱ्या साहेबांनी विचारलं.

“हो जी. माहे भासरे आले. बाहेर बसून हायेत.”

भासरे म्हणजे नवऱ्याचे, किसनरावांचे, थोरले भाऊ अण्णाजी. गुडघे धरलेले, तरी तिच्यासाठी एसटीनं आले होते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्यांच्यासमोर तिचं डोकं कधी उघडं पडलं नव्हतं.

शिपायानं हाक मारली. दार उघडलं.

देवकाबाईचा उजवा हात सर्रकन वर गेला. पदर थेट कपाळाखाली आला. खांद्यात काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. पदराचं टोक तिनं दातांत धरलं आणि आवाज आतच दाबला.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले आणि पेनाला टोपण लावलं.

अण्णाजींना यातलं काही दिसलं नाही. भावाच्या बायकोकडे बघायचं नाही, म्हणून ते आत आले तेच मुळी भिंतीकडे तोंड करून. तसंच भिंतीला हात जोडून म्हणाले,

“देवाशपथ सांगतो साहेब, किसनच्या बाईचा हात डोक्यापर्यंत पोचतच नाई.”