वर गेलेला हात

१९८४ साल. फुटबॉलचा सामना संपत आला होता आणि देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींना आता फक्त गोल खायचा नव्हता. बरोबरी झाली तरी पुढची फेरी पक्की होती. संघ उभा राहिल्यापासून प्रत्येक स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून परत आला होता. एका वर्षी तर इतके गोल खाल्ले, की विमानतळावर न्यायला आलेल्या बसच्या ड्रायव्हरलाही 'किती?' म्हणून विचारायचा धीर झाला नाही. या खेपेला निघताना संघटनेच्या चिटणिसांनी हसत हसत सांगून टाकलं होतं, "आता हात हलवत आलात, तर मुलींचा संघ बंद. मग बसा घरी स्वेटर विणत."

खिळा बचावाला उभी होती. बाप सुतार, आणि ही जिथे ठोकाल तिथून हलायची नाही, म्हणून तिचं नाव खिळा. तिच्यामागे गोल राखायला मांजर होती, झडप घालण्यावरून हे नाव पडलेली. मध्यंतराआधी एकदाच गोल झाल्यासारखं वाटलं होतं. चेंडू वरच्या दांड्यावर आपटून खाली पडला आणि मांजरने पाठमोरी झडप घालून तो उचलला. समोरच्या मुलींनी गोल झाला म्हणून आरडाओरडा केला, पंचांनी नकारार्थी मान हलवली, खेळ पुढे गेला. शिकवणाऱ्या बाई तेव्हा गोलामागेच होत्या, राखीव मुलींना पळवत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या, मग बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या.

आता पुन्हा एक उंच चेंडू गोलासमोर आला. सात-आठ जणी एकदम उडाल्या. चेंडू खिळाच्या मनगटाला लागला आणि घोळक्यातून बाहेर गेला. पंच पलीकडच्या बाजूला होते. त्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या. कुणाला काही कळलं नाही.

आणि खिळाचा हात वर गेला.

तो वर गेल्यावरच तिला कळलं. बाईंच्या मैदानावर पंच नव्हता. कधी मिळालाच नाही. म्हणून बाईंनी पहिल्या दिवशीच नियम घातला होता, ज्याची चूक त्याचा हात वर. सुरुवातीला भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले. पुढे ते अंगवळणी पडलं, इतकं की घरी दूध उतू गेलं तरी खिळाचा हात वर जायचा आणि आई म्हणायची, "हात नंतर वर कर गं बाई, आधी गॅस बंद कर!"

शिट्टी वाजली. पेनल्टी. मांजर बरोबर त्याच बाजूला झेपावली. चेंडू बोटांना चाटून आत गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कपडे बदलत नव्हतं. मांजरने हातमोजे काढून बाकावर आपटले.

"पंचाला दिसलं नव्हतं."

"हो," खिळा म्हणाली.

"मग कुणी सांगितलं होतं तुला? आता शिवून टाक तो हात!"

दारात चिटणीस येऊन उभे राहिले होते. त्यांच्यामागे फोटोवाला होता. जिंकणाऱ्या मुलींचा फोटो काढायला सांगून त्याला सकाळीच बोलावून ठेवलं होतं, आणि आता त्याला काय सांगावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

"बाई, हे असलं शिकवता तुम्ही?" चिटणीस म्हणाले. "हातात आलेलं घालवलंत की!"

खिळाने मान खाली घातली. बाईंच्या पायांवर तिची नजर गेली आणि तिथेच थबकली. बाईंच्या बुटांना नाड्या नव्हत्याच. बक्कल होतं.

"हातात काही आलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "मध्यंतराआधी तो चेंडू रेषेच्या आत पडला होता. मी मागेच उभी होते."

मांजर ताडकन उठली. "बाई, देवाशपथ, मला वाटलं..."

"तुझ्या पाठीमागे पडला तो, पोरी. तुला कसा दिसणार? मला दिसला." त्यांनी खिळाकडे पाहिलं. "दिसला आणि मी गप्प बसले."

मग बाईंनी आपला उजवा हात वर केला, सरावाला मुली करायच्या तसाच, कोपर ताठ. फोटोवाल्याला वाटलं, आपल्यालाच खूण केली. त्याने बटण दाबलं.

चिटणिसांनी शब्द खरा केला, संघ बंद पडला. मांजर पुढे दवाखान्यात नर्स झाली, बाळंतिणींच्या खोलीत. हातात येणारं काही तिने कधी निसटू दिलं नाही. खिळाने बापाचं दुकान चालवलं. फळी चुकीची कापली गेली, की गिऱ्हाइकासमोर तिचा हात वर जायचा आणि गिऱ्हाईक बिचारं मागे वळून बघायचं, कुणाला बोलावतेय ही. बाई त्याच मैदानावर शेवटपर्यंत शिकवत राहिल्या, पंचाविना. बऱ्याच वर्षांनी संघ पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यात बाईंच्या हाताखालच्या मुली सगळ्यांत जास्त होत्या. ते बघायला मात्र बाई राहिल्या नव्हत्या. चिटणीस तोवर अध्यक्ष झाले होते आणि मुलींचा फुटबॉल आपणच रुजवला असं भाषणात सांगत होते.

तो फोटो त्यांच्या कार्यालयात लागला. नव्या संघाच्या निरोपाला खिळाही गेली होती. फोटोत सगळ्या मुलींच्या माना खाली आहेत. एकट्या बाई समोर बघताहेत, हात वर करून.

"या आमच्या जुन्या बाई," अध्यक्ष मुलींना सांगत होते. "बघा, कशा हसतमुखाने टाटा करताहेत!"

मुलींनी माना डोलावल्या. त्यांतली सगळ्यांत धाकटी फोटोजवळ गेली, बाईंच्या ताठ कोपराकडे बघत राहिली, आणि मागे वळून खिळाला हळूच म्हणाली, "मावशी, बाईंचं काय चुकलं होतं?"