पंचवीस किलोचा नवस

बोकड आडवा झाला तो उठेना. गंगारामने शिंगं धरून उभा करायला पाहिलं, पण मागचे पाय लटपटले आणि तो पुन्हा बसला. डावी कूस टम्म फुगलेली. दात करकर चावत होता आणि रवंथ सकाळपासून बंद.

"अगो, ह्याचं काय खरं नाय," गंगाराम म्हणाला. त्याची सून दर्शना गोठ्याच्या दारातच मटकन खाली बसली.

साधा बोकड असता तर एवढं कोण घाबरलं असतं! पण हा हर्षदसाठी नवसाला बोललेला. हर्षद म्हणजे दर्शनाचा नवरा, मालवाहू जहाजावर कामाला. मागे एकदा, जहाजांवर हल्ले होत होते त्या समुद्रात त्याचं जहाज शिरलं आणि आठ दिवस फोन नाही. तेव्हा गंगाराम देवळात जाऊन बोलून बसला, पोराचा आवाज ऐकू दे, पंचवीस किलोचा बोकड देतो. आता नवस काय कुणी किलोवर बोलतं? पण मुंबईत मटणाच्या दुकानात काट्यापाशी हयात गेलेली, घाबरल्यावर तोंडातून किलोच निघाले. नवव्या दिवशी फोन आला. नवस फेडायला येता मंगळवार ठरला. आणि आता जहाज त्याच वाटेने परत येत होतं. चार दिवस फोन पुन्हा बंद होता.

राजापूरहून गुरांच्या डॉक्टर मनस्वी स्कूटरवरून आल्या. बोकडाची कूस दाबून त्यांनी कान लावला.

"काय घातलंत ह्याला?"

"फणसाचा पाला," गंगाराम म्हणाला. "नि मक्याचा भरडा. तुम्ही सांगितलात तेवढाच, दोन मुठी."

"दोन मुठींनी पोट असं होत नाही, आजोबा. खरं सांगा. औषध त्यावर ठरतं."

गंगाराम हळूच म्हणाला, "दुपारच्याला आणखी चार मुठी घालतो, तीन दिवस. काटा लावला तर एकवीस भरला. मंगळवार आला तोंडावर. काय करू?"

"अवो, मला बोलायचंत तरी!" त्याची बायको येसूबाई किंचाळली. "मी टोपभर भात घालतेय त्याला!"

दोघांनी दर्शनाकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. "गहू," ती म्हणाली. "मला वाटलं, कमी पडायला नको."

दुसरी वेळ असती तर डॉक्टर हसल्या असत्या. "अहो, वाढत्या बोकडाला दाणा लागतो, पण हळूहळू वाढवत न्यायचा असतो. पोट त्याचं पाल्याचं. दिवसाला शंभर ग्रॅम वजन चढलं तरी पुष्कळ. आठवड्यात चार किलो कुठून आणणार? आत सगळं आंबलंय." येसूबाईच्या हातात कोकमाच्या पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी काढून घेतला. "आणि त्यात हे आंबट पाजणार होतात! खायचा सोडा आणा."

सोडा पाण्यात कालवून पाजला. पण बोकडाने मान टाकली ती टाकलीच. डॉक्टरांनी सुई भरली आणि थांबल्या.

"हे टोचलं तर आशा आहे. पण मग महिनाभर ह्याचं मटण कुणी खायचं नाही."

मंगळवारी सगळी वाडी जेवायची होती.

"नि नाय टोचलं तर?" गंगारामने विचारलं.

"आजची रात्र काढेल असं वाटत नाही."

गंगारामने बोकडाची शिंगं धरली. "आताच देवळात नेला तर?"

"मरायला टेकलेला बोकड द्यायचा देवाला?" येसूबाई म्हणाली आणि रडायला लागली.

टोचलं तर देवाला दिलेला शब्द मोडणार. नाही टोचलं तर हर्षदच्या नावाचा बोकड दारात मरणार. यातलं कुठलं वाईट, हे दर्शनाला कळेना.

"टोचा," ती म्हणाली. "आज ह्या घरात कुणीच मरायला नको."

गंगारामने टोपी नीट केली. अंगणात जाऊन देवळाच्या दिशेने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. आवाज खणखणीत होता.

"बा देवा म्हाराजा! पंचवीस किलो बोललो, तो घाबरून बोललो!"

"होय म्हाराजा," येसूबाई म्हणाली.

"मंगळवार चुकतोय! तिघांनी एकमेकांना न सांगता जास्त चारलं, ती आमची चूक!"

"होय म्हाराजा," दर्शना कशीबशी म्हणाली.

"त्या चुकीची शिक्षा आम्हाला दे, समुद्रात धाडू नको! पोराला घरी आण!"

येसूबाईचा आवाज फुटेना. दर्शनाने तोंड उघडलं, पण नुसता हुंदका आला. गाऱ्हाण्याला होय कुणीतरी म्हणायलाच लागतं, नाहीतर ते पोचत नाही. गंगाराम हात जोडून तसाच उभा, मागे वळून बघायचीही त्याला भीती वाटत होती.

"होय म्हाराजा," बोकडाच्या मानेतली सुई न हलवता डॉक्टर म्हणाल्या.